कळते, वळतेही, पण हात बांधलेले
रुग्णालयीन सेवकांच्या नैतिक घुसमटीची कारणे

रुग्णालयात काम करणारी माणसे निर्ढावलेली असतात, असा एक सार्वत्रिक समज आहे. नर्सबाई खेकसतात, डॉक्टर मान वर करून पाहत नाहीत, वॉर्डबॉय चिरीमिरीशिवाय हलत नाही, अशा तक्रारी आपण रोज ऐकतो आणि करतोही. या तक्रारी खोट्या नाहीत. दलित-आदिवासी रुग्णाला तर त्या अधिकच झोंबतात, कारण त्याच्या वाट्याला येणाऱ्या खेकसण्याला जातीचा वास असतो. परंतु हे निर्ढावलेपण माणसे घरून घेऊन येतात, की रुग्णालयाची व्यवस्था ते त्यांच्यात तयार करते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात मला तो विचारायचा आहे.

मी अकोले तालुक्यातील राजूरला राहतो. आश्रमशाळेतील शिक्षक म्हणून माझी नोकरी झाली. आजारी मुलांना, आणि पुढे पुढे त्यांच्या आईबापांनाही, दवाखान्यात नेणे हा त्या नोकरीतला कुठल्याही आदेशात न लिहिलेला भाग होता. त्या निमित्ताने सरकारी, धर्मादाय, खाजगी अशा अनेक रुग्णालयांच्या व्हरांड्यांत मी रात्री काढल्या. तेथील परिचारिका, आया, ड्रायव्हर, सफाई कामगार यांच्याशी पहाटेपर्यंत बोललो. ही माणसे ज्या गोष्टीने आतून पोखरलेली दिसली, तिला त्यांच्याकडे नाव नव्हते. ‘टेन्शन’ म्हणत, ‘कंटाळा आला’ म्हणत. नाव नसलेल्या दुःखाची दाद कुणाकडे मागणार? म्हणून आधी नावाविषयी.

घुसमट म्हणजे काय?

अँड्र्यू जेमटन या अमेरिकन तत्त्वचिंतकाने १९८४ साली परिचारिकांच्या व्यवसायातील नैतिक प्रश्नांवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने तीन अवस्था वेगळ्या केल्या. पहिली संदिग्धतेची : योग्य काय हेच उमगत नाही. दुसरी पेचाची : दोन गोष्टी योग्य वाटतात, परंतु एकच करता येते. तिसरी अवस्था या दोन्हींहून निराळी आहे. योग्य काय ते स्पष्ट दिसते, करण्याची इच्छाही असते. परंतु संस्थेची रचना, वरिष्ठांचा हुकूम, साधनांचा अभाव यांमुळे ते करणे जवळजवळ अशक्य होऊन बसते. या तिसऱ्या अवस्थेला मी येथे ‘नैतिक घुसमट’ असे म्हणतो.

आपल्याकडे ‘कळते पण वळत नाही’ अशी म्हण आहे. तीत दोष त्या माणसाच्या इच्छाशक्तीला दिलेला आहे. नैतिक घुसमटीत मात्र कळते आणि वळतेही, फक्त हात बांधलेले असतात. हा फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. एरवी आपण व्यवस्थेचे पाप माणसाच्या स्वभावावर ढकलून मोकळे होतो.

ही अवस्था दुःखाहून किंवा थकव्याहूनही वेगळी आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातून आजारी पोराला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कष्ट होते, भय होते, मृत्यू तर समोर उभा होता. तरीही त्यांचे मन जे सांगत होते ते त्यांचे हात करीत होते. मन आणि हात यांच्या मध्ये कुणी साहेब, कुठला फॉर्म, कसली मंजुरी उभी नव्हती. आजच्या रुग्णालयातील सेवकाच्या मनाच्या आणि हाताच्या मध्ये जे जे उभे आहे, ती सारी त्याच्या घुसमटीची कारणे होत. त्यांतील मला महत्त्वाची वाटतात ती क्रमाने मांडतो.

पाणी गेले तिकडे दवाखाने गेले

पहिले कारण अभावाचे. पण अभाव आभाळातून पडत नाही, त्याला इतिहास असतो. राजूरच्या वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे धरण आहे. १९१० साली त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. पाऊस आमच्या डोंगरात पडतो; प्रवरेचे पाणी मात्र कालव्यांनी खाली संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या काळ्या रानात गेले. त्या पाण्यावर ऊस झाला, उसावर १९५० च्या सुमारास लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, कारखान्याच्या पाठोपाठ शिक्षणसंस्था आल्या आणि १९८४ साली लोणीला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या रुग्णालयाने असंख्य गरिबांना बरे केले आहे, हे मान्यच करायला हवे. मुद्दा एवढाच की, ज्या वाटेने पाणी खाली गेले त्याच वाटेने आता आमचा रोगी खाली जातो. रतनवाडी, साम्रद, घाटघर, कुमशेत येथील महादेव कोळी किंवा ठाकर बाई अडली तर आधी राजूर, मग वीसेक किलोमीटरवर अकोले, तेथून जवळजवळ तेवढेच पुढे संगमनेर, आणि मग लोणी किंवा नाशिक. जिल्ह्याचे ठाणे तर शंभर किलोमीटरच्याही पलीकडे.

शासनाचे मापदंड कागदावर चांगले आहेत. आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे उपकेंद्र, २० हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, ८० हजारांमागे तीस खाटांचे रुग्णालय. आणि तेथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ असे चार विशेषज्ञ. परंतु केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या आकडेवारीनुसार देशभरच्या ग्रामीण भागातील अशा रुग्णालयांत विशेषज्ञांची कमतरता सुमारे ८० टक्के होती. याचा अर्थ असा की, पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या आणि पाचवीवर बसलेल्याच्या हातात ‘रेफर’चा कागद.

भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रोगी येतो. लस दिली जाते. श्वास मंदावू लागतो. कृत्रिम श्वासाचे यंत्र आणि ते चालविणारा माणूस येथे हवा, हे परिचारिकेला पुरते ठाऊक असते. ती चिठ्ठी लिहिते, १०८ ची गाडी बोलावते. गाडी घाटात शिरते. पुढे काय झाले ते तिला पुष्कळदा कळतही नाही. एका परिचारिकेने मला सांगितले, “मास्तर, माझ्या हातून मेलेले मला आठवत नाहीत, मी पुढे पाठवलेले आठवतात.” या एका वाक्यात नैतिक घुसमटीची सारी व्याख्या आली आहे.

या साखळीचे पहिले टोक ‘आशा’ हे आहे. ती पाड्यावरचीच सून किंवा लेक. ‘दवाखान्यात चल, तिथं नीट होईल’ असा शब्द ती देते. त्या शब्दावर बाई घर सोडते. पुढे तिची तीन ठिकाणी फेकाफेक झाली की पाड्यावर खोटी ठरते ती आशा. आरोग्य खाते खोटे ठरत नाही. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. शासनाच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, मोबदल्यावरच्या स्वयंसेविका आहेत. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीस त्या संपावर गेल्या, तेव्हा चर्चा झाली ती रकमेची. पण यंत्रणा दर महिन्याला त्यांचा शब्द गहाण ठेवते आणि सोडवून देत नाही, याची किंमत कुठल्याही मोबदल्यात धरलेली नाही.

जबाबदारी खाली, अधिकार वर

दुसरे कारण आमच्याच जिल्ह्याने साऱ्या महाराष्ट्राला दाखविले. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. राज्यातील रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण करण्याचे आदेश निघाले. दहा महिन्यांच्या आत, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील करोना अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचे निलंबन झाले, दोन परिचारिकांची सेवा संपविण्यात आली. आणि पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना व तीन परिचारिकांना. भंडाऱ्यातही पुढे गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर.

कुणाचा दोष किती, हे न्यायालयाने ठरवायचे. पण रचनेचा प्रश्न न्यायालयाबाहेरही विचारता येतो. विजेची वायर कुठल्या दर्जाची घालायची, पाण्याचे फवारे बसवायला निधी द्यायचा की नाही, एका पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका ठेवायच्या, यांपैकी कोणता निर्णय परिचारिकेच्या हाती असतो? एकही नाही. परंतु वॉर्डात ज्या क्षणी आग लागते त्या क्षणी तेथे उभी असते ती परिचारिकाच. अधिकाराची शिडी वरून खाली उतरते तसतसा अधिकार कमी होतो आणि जबाबदारी वाढत जाते. गावगाड्यात राहिलेल्या आपल्या वाचकाला ही शिडी ओळखीची वाटेल.

व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ‘नैतिक जखम’ अशी कल्पना मांडली. जिवावरच्या प्रसंगी, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्या अधिकाऱ्यानेच न्याय्य गोष्टीशी दगा केला की शिपायाच्या मनाला जी इजा होते ती त्यांना अभिप्रेत होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर आपल्या रुग्णालयांतून ही जखम घेऊन वावरणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि २२ रुग्ण दगावले. त्या वेळी एकेका सिलिंडरसाठी धावणाऱ्या सेवकांना आपण टाळ्या आणि थाळ्या दिल्या होत्या. पुरेशी माणसे आणि दुरुस्त यंत्रे मात्र दिली नव्हती.

दाखला आणि दबाव

तिसरे कारण कागदाचे. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर केवळ औषध देत नाही. तो जखमेचा दाखला देतो, वय ठरवतो, शवविच्छेदन करतो. अत्याचाराच्या प्रकरणात आपल्या माणसाचा न्याय पुष्कळदा त्या टेबलावरच ठरतो. २९ सप्टेंबर २००६ च्या खैरलांजी हत्याकांडात पहिले शवविच्छेदन इतके अपुरे झाले की मृतदेह पुन्हा उकरून दुसऱ्यांदा तपासावे लागले. संबंधित डॉक्टरांवर निलंबनाची कारवाई झाली. हे सारे आपण जाणतोच. पण अशा टेबलाजवळ डॉक्टर एकटा नसतो. मदतनीस असतो, शव उघडणारा कामगार असतो. काय दिसले आणि काय लिहिले, यांतील अंतर ते पाहतात. त्यांची साक्ष कुणी मागत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण डॉक्टर महिलेने आत्महत्या केली. तिने केलेल्या गंभीर आरोपांचा निवाडा न्यायव्यवस्था करील. परंतु आरोपींच्या वैद्यकीय दाखल्यांसाठी आपल्यावर दबाव येतो, अशी लेखी तक्रार तिने आधीच केली होती, असे वृत्तपत्रांतून पुढे आले. रुग्णालयात हाणामारी करणाऱ्या नातेवाइकांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. खुर्चीवरून येणाऱ्या फोनविरुद्ध तसा कायदा नाही. त्या फोनला ‘नाही’ म्हणणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरच्या पाठीशी कोण उभे राहते, यावर त्याची घुसमट अवलंबून असते.

घुसमटीची उतरंड

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो. नैतिक घुसमट मोजण्याच्या ज्या फूटपट्ट्या परदेशात तयार झाल्या, त्या आधी परिचारिकांसाठी आणि नंतर डॉक्टरांसाठी बेतलेल्या होत्या. आपल्या रुग्णालयात त्यांच्याही खाली दोन-तीन पायऱ्या आहेत : आया, कक्षसेवक, सफाई कामगार, शवागारातील कामगार. या पायऱ्यांवर कोण उभे आहे हे सांगण्याची गरज नाही. जातिव्यवस्था कामांची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरंड रचते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले. रुग्णालय ही आधुनिक विज्ञानाची वास्तू. पण रक्त, मळ आणि प्रेत यांना हात कुणी लावायचा, हे ठरविताना विज्ञान बाहेर राहते आणि मनू आत येतो. गेल्या काही दशकांत या कामांत ठेकेदारी आली. पूर्वी जातीने बांधलेले हात आता करारानेही बांधले गेले.

एका रुग्णालयातील गोष्ट सांगतो. नावाचे प्रयोजन नाही. बाळंतपण होऊन तासभर झाला होता. फरशी पुसणाऱ्या बाईला खाटेखालचे फडके भिजलेले दिसले. दोन वेळा बदलले, दोन्ही वेळा भिजले. तिने जाऊन सांगितले. उत्तर आले, “तू तुझं काम कर.” सुदैवाने थोड्याच वेळात पाळी बदलली, नव्या परिचारिकेने पाहिले आणि बाळंतीण वाचली. सकाळी चहाच्या टपरीवर ती सफाईवाली बाई मला म्हणाली, “मला दिसतंय मास्तर, पण मला इचारतंय कोण?” वीस वर्षे प्रसूतिकक्षात काढलेल्या त्या बाईच्या डोळ्यांना जे ज्ञान होते ते ज्ञान मानले गेले नाही, कारण ते तिचे होते. पिवळ्या, लाल, निळ्या पिशव्यांत कचरा वेगळा करण्याचे नियम १९९८ साली आले, २०१६ साली नव्याने झाले. चुकीच्या पिशवीतली सुई तिच्या हाताला टोचते. चूक कुणाची ते तिला माहीत असते. बोलली तर ठेकेदार उद्या दुसरी आणतो.

ही उतरंड फक्त खालच्या पायरीवरच्यांना दाबते असेही नाही. शिकून वर गेलेल्यालाही ती खाली ओढते. मुंबईच्या नायर रुग्णालयातील स्त्रीरोगशास्त्राच्या विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी जीवन संपविले. आदिवासी म्हणून झालेल्या छळाचे आरोप त्यांच्या तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर ठेवले गेले. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. खासदार महाशय आले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. साऱ्या देशाने ते चित्रण पाहिले. पुढे अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा नोंदविला गेला. त्या दिवशी औषधे आली नाहीत, माणसे आली नाहीत. शिक्षा म्हणून झाडू आला. झाडूला शिक्षा मानणाऱ्या मनात रोज झाडू धरणाऱ्याची जागा काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

साठत जाणारा गाळ

घुसमट एका प्रसंगाची असेल तर ओसरते. पण प्रसंग संपला तरी तिचा काही अंश मागे राहतो, पुढचा प्रसंग त्यावर साचतो आणि दर वेळी पातळी वर जाते, असे या विषयाच्या अभ्यासकांनी २००९ च्या सुमारास मांडले. धरणात गाळ साठावा तसे हे आहे. गाळ भरला की माणूस तीनपैकी एक वाट धरतो. नोकरी सोडतो; किंवा बोलतो आणि बदलीला, निलंबनाला तोंड देतो; किंवा राहतो आणि वाटून घेणे थांबवतो. तिसरी वाट सर्वांत वहिवाटीची. आपण ज्याला निर्ढावलेपण म्हणतो ते पुष्कळदा या तिसऱ्या वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण असते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणारा माणूस आपल्याहून दुबळ्यावर खेकसतो. आणि रुग्णालयात त्याच्याहून दुबळा एकच असतो, तो म्हणजे फाटक्या पिशवीत केसपेपर घेऊन आलेला आपला माणूस.

याचा अर्थ त्या खेकसण्याला माफी द्यावी असा नाही. जातीवरून केलेला अपमान हा अपमानच आहे आणि त्याचा जाब घेतलाच पाहिजे. पण जाब घेताना आपण शिडीच्या खालच्या पायरीवर थांबलो तर शिडी शाबूत राहते.

मग करायचे काय?

उत्तराची एक खूण मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सापडते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अत्याचार झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. खाट मोकळी करण्यासाठी त्यांना तेथून हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने केला, तेव्हा परिचारिका एकजुटीने उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या तोपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार याच सेवकवर्गाचा मानला. दयामरणाविषयी मते वेगळी असू शकतात. पण येथे मन आणि हात यांच्या मध्ये उभ्या राहिलेल्या हुकुमाला सेवकांनी संघटितपणे बाजूला सारले. एकटी परिचारिका घुसमटली असती, संघटित परिचारिकांनी निर्णय बदलला.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि तरुण शिक्षकांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली : रुग्णाला पुढे पाठविताना चिठ्ठीवर कारण लिहून मागा. ‘विशेषज्ञ नाही’, ‘यंत्र बंद’ असे जे खरे असेल ते. त्यातून परिचारिकेचे दुःख नोंदीत येते आणि रिकामी खुर्ची पुराव्यात. दुसरी : महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा आणि जनसुनवाईचा पायंडा आहे. अशा सुनवाईत समोर बसलेल्या नर्सबाईला जाब विचारण्याआधी, ‘हे करण्याचा अधिकार कुणाकडे होता?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तरात जे पद येईल त्याला बोलवा. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत निकडीची : रुग्ण कल्याण समितीत, पाळी बदलतानाच्या बोलण्यात, मृत्यूच्या चौकशीत आया आणि सफाई कामगारांचे म्हणणे नोंदवून घेण्याचा आग्रह धरा. खाटेखालचे भिजलेले फडके सर्वांत आधी त्यांना दिसते.

आपल्या चळवळीने ‘आम्हाला माणूस म्हणा’ अशी मागणी केली. माणूस म्हणजे ज्याच्या सदसद्विवेकाला वजन आहे असा. रुग्णालयातील शेवटच्या पायरीवरच्या बाईचे बोलणे ज्या दिवशी केसपेपरवर लिहिले जाईल, त्या दिवशी तिची घुसमट कमी होईल. आणि तिच्या समोरच्या खाटेवर पडलेल्या आपल्या माणसाचा जीव वाचण्याची शक्यताही तेवढीच वाढेल.